अँडरसन-लूसी, 1980 : दोन पक्षांतले दोघे, पाठीशी पक्ष एकही नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली आणि दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार लोकांना नकोसे झाले की एक कल्पना हमखास डोकं वर काढते. एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, दोघेही समंजस, असे शोधायचे. एकाला अध्यक्षपदासाठी आणि दुसऱ्याला उपाध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून उभं करायचं. मग दोन्ही टोकांना कंटाळलेला मधला मतदार आपोआप येईल, असा हिशेब. बहुतेक वेळा ही कल्पना चर्चेतच विरून जाते. 1980 साली मात्र ती पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकांवर पोचली. जॉन अँडरसन हे रिपब्लिकन खासदार आणि पॅट्रिक लूसी हे डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी गव्हर्नर अशी ती जोडी होती. निकाल लागला तेव्हा त्यांना 57 लाखांहून अधिक मतं मिळाली होती, म्हणजे 6.6 टक्के. इलेक्टोरल मत, म्हणजे राज्याराज्यांतून जिंकायचं आणि अध्यक्ष ज्यावर ठरतो ते मत, मात्र एकही नाही.

या प्रकरणाचा सरसकट काढला जाणारा अर्थ असा, की अमेरिकेत मधला मतदार नाहीच. मला तो पटत नाही. मतदार होता, आणि त्या उन्हाळ्यात तो मोठ्या संख्येने अँडरसनकडे पाहत होता. पण त्याच्यापर्यंत पोचण्याच्या सगळ्या वाटा, म्हणजे अर्जाच्या मुदती, पैसा, दूरचित्रवाणीवरची वेळ, गावोगावचे कार्यकर्ते, या दोन पक्षांच्या ताब्यात होत्या. दुसऱ्या पक्षातला एक माणूस सोबत घेतल्याने त्यातली एकही वाट मोकळी झाली नाही.

आधी माणूस पाहू. अँडरसन इलिनॉयमधल्या रॉकफर्डचे. वडील स्वीडनहून आलेले, किराणा दुकान चालवणारे. 1960 मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले ते पक्के सनातनी रिपब्लिकन म्हणून. येशू ख्रिस्ताची सत्ता राष्ट्राने मान्य करावी अशी घटनादुरुस्ती त्यांनी सुरुवातीच्या काळात तीन वेळा मांडली होती. तोच माणूस 1968 मध्ये घरखरेदी आणि भाड्यातला वर्णभेद रोखणाऱ्या विधेयकाच्या बाजूने उभा राहिला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन आठवडाही लोटला नव्हता. सभागृहाच्या नियम समितीत विधेयक पुढे जातं की रखडतं, हे एका मतावर आलं होतं. अँडरसननी पक्षाच्या नेतृत्वाविरुद्ध मत दिलं आणि 8 विरुद्ध 7 अशा फरकाने विधेयक वाचलं. त्यानंतर 1969 ते 1979 अशी दहा वर्षं ते प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन सदस्यांच्या परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे तिथल्या पक्षनेतृत्वातले तिसऱ्या क्रमांकाचे नेते होते. तेव्हा त्यांना कोणी उपरा म्हणू शकत नव्हतं. पक्ष मात्र त्यांच्या पायाखालून उजवीकडे सरकत चालला होता.

1979 च्या जूनमध्ये त्यांनी रिपब्लिकन उमेदवारीसाठी नाव जाहीर केलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते 5 जानेवारी 1980 ला, आयोवातल्या डी मॉइन इथल्या रिपब्लिकन इच्छुकांच्या वादचर्चेत. रोनाल्ड रेगन त्या चर्चेला आलेच नव्हते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी रशियाला धान्य विकायला बंदी घातली होती. आयोवा म्हणजे मक्याचं राज्य. तिथे उभं राहून या बंदीला पाठिंबा देणारे अँडरसन एकटेच. कारकिर्दीतली कुठली गोष्ट बदलाविशी वाटते असं विचारल्यावर, 1964 मध्ये टोंकिनच्या आखाताच्या ठरावाला, म्हणजे व्हिएतनाम युद्धाला मोकळीक देणाऱ्या ठरावाला, आपण दिलेलं मत, असं त्यांनी सांगितलं. कर कमी करायचे, संरक्षणखर्च वाढवायचा आणि तरी अंदाजपत्रक तोलायचं हे कसं जमणार, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, आरशांच्या जादूने. हे दोन-तीन क्षण देशभर दाखवले गेले.

न्यू हॅम्पशरमधला प्रसंग तर याहून बोलका. तिथे बंदूकधारकांच्या संघटनेने सगळ्या रिपब्लिकन इच्छुकांना बोलावलं होतं. एकेक जण उठून बंदुकीवर कसलंही नियंत्रण येऊ देणार नाही अशी ग्वाही देत होता आणि टाळ्या घेत होता. अँडरसन उठले आणि बंदूक बाळगणाऱ्याने परवाना काढावा यात एवढं वाईट काय आहे, असं त्याच सभागृहाला विचारलं. सभागृहाने आरडाओरडा करून त्यांना विरोध केला. मते मागायला गेलेला माणूस असं बोलतो याचं विद्यापीठांतल्या तरुणांना आणि वर्तमानपत्रवाल्यांना विलक्षण अप्रूप वाटलं. पेट्रोलवर गॅलनमागे 50 सेंट कर लावायचा आणि त्या पैशातून पगारदारांच्या सामाजिक सुरक्षा करात निम्मी कपात करायची, ही त्यांची योजनाही तशीच, आधी कडू घोट पाजणारी.

मग प्रायमरी आल्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्याराज्यांतलं मतदान. 4 मार्चला मॅसॅच्युसेट्समध्ये ते जॉर्ज बुश यांच्या आणि व्हरमाँटमध्ये रेगन यांच्या अगदी थोड्या मतांनी मागे राहिले. दोन्हीकडे दुसरे. मग 18 मार्चला घरच्या इलिनॉयमध्ये रेगन यांना 48 टक्के आणि अँडरसनना 37 टक्के मतं पडली. 1 एप्रिलला विस्कॉन्सिनमध्ये ते तिसरे आले. या दोन राज्यांत रिपब्लिकन प्रायमरीत इतर पक्षांचे मतदारही मत देऊ शकत होते, म्हणजे अँडरसनसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. तिथेही जमलं नाही तेव्हा पक्षातून उमेदवारी मिळणार नाही हे उघड झालं. 24 एप्रिलला त्यांनी अपक्ष म्हणून लढायची घोषणा केली. मोहिमेला नाव दिलं राष्ट्रीय एकता मोहीम.

इथे आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, यात काय अवघड? तिकीट मिळालं नाही की बंडखोर अपक्ष अर्ज भरतोच. आपल्याकडे लोकसभेसाठी अपक्षाला दहा सूचकांच्या सह्या लागतात आणि निवडणूक आयोग एकच असतो. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक एक, पण कायदे पन्नास. कुठे काही हजार सह्या, कुठे लाखाहून जास्त. मुदत प्रत्येक राज्याची वेगळी. कुठे प्रायमरी लढवून हरलेल्याला अपक्ष म्हणून उभंच राहू द्यायचं नाही असा नियम.

ओहायोचं उदाहरण घ्या. तिथे अपक्षाला 5,000 सह्या पुरत होत्या. अँडरसनच्या कार्यकर्त्यांनी 16 मे रोजी साधारण 14,500 सह्यांचे कागद नेऊन दिले. अधिकाऱ्यांनी ते घ्यायला नकार दिला, कारण मुदत 20 मार्चलाच संपली होती. 20 मार्चला अँडरसन अजून रिपब्लिकन प्रायमरी लढवत होते. मोठ्या पक्षांचे उमेदवार तर ऑगस्टपर्यंत ठरणार नव्हते. तरीही अपक्षाने मार्चमध्येच सांगायचं की मी उभा आहे. म्हणजे दोन्ही पक्ष कोणाला उभं करतात ते पाहून, ते पसंत नाहीत म्हणून कोणी पर्याय द्यायला निघाला, तर दार आधीच बंद. अशी दारं कोर्टात जाऊन उघडावी लागली, आणि ओहायोबाहेरही अशी राज्यं होती. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे वकील उभे, कारण अँडरसन आपलीच मतं खाणार अशी कार्टर यांच्या गोटाला धास्ती होती.

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. मे, जून, जुलै हे तीन महिने, जेव्हा जनमत चाचण्यांत अँडरसन 24 टक्क्यांपर्यंत पोचले होते, तेव्हा मोहिमेचा पैसा आणि माणसं सह्या आणि खटल्यांत गुंतली होती. जाहिरातीसाठी जो पैसा हवा होता तो वकिलांकडे गेला. रॉकफर्डबाहेर ज्यांना अँडरसन कोण हे धड माहीत नव्हतं, त्यांना ते सांगायची वेळ तीच होती, आणि ती हातची गेली.

जोडीदार शोधतानाही हाच कागदी त्रास आडवा आला. काही राज्यांत सह्यांच्या अर्जावर उपाध्यक्षपदाचं नाव असलंच पाहिजे अशी अट होती आणि अँडरसनकडे नाव नव्हतं. मग मिल्टन आयझेनहॉवर यांचं नाव तात्पुरतं घातलं. हे माजी अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे धाकटे बंधू, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, वय 80. टेक्सासमध्ये तर मतपत्रिकेवर शेवटपर्यंत त्यांचंच नाव राहिलं.

खरा जोडीदार डेमोक्रॅट असावा हे ठरलेलं होतं. पण पदावर असलेला डेमोक्रॅट गव्हर्नर किंवा सिनेटर यात का पडेल? हरला तर पक्षात परत तोंड दाखवायला जागा नाही, आणि हरण्याचीच शक्यता जास्त. त्यात 31 जुलैला अँडरसन कार्टरविरुद्ध डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणाऱ्या सिनेटर एडवर्ड केनेडींना भेटले. डेमोक्रॅटिक पक्षाने कार्टरऐवजी दुसरा कोणी दिला तर आपण उमेदवारीचा फेरविचार करू, असं भेटीनंतर त्यांनी सूचित केलं. हे राजकारण म्हणून समजण्यासारखं होतं, केनेडींच्या लोकांना जवळ आणायचं होतं. पण ज्या विद्यार्थ्यांनी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या त्यांनी काय समजायचं? आपला उमेदवार स्वतःच म्हणतो की दुसरा कोणी आला तर मी बाजूला होईन. फेब्रुवारीत बंदूकवाल्यांसमोर ताठ उभा राहिलेला माणूस जुलैच्या अखेरीस अटी घालत होता. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात कार्टर यांचीच उमेदवारी पक्की झाली आणि हा डावही संपला.

25 ऑगस्टला पॅट्रिक लूसी यांचं नाव जाहीर झालं. माणूस लायक होता. 1971 ते 1977 विस्कॉन्सिनचे गव्हर्नर, मग मेक्सिकोत राजदूत, ते पद सोडून केनेडींच्या प्रचारात. केनेडी हरल्यावर कार्टरसाठी काम करायला त्यांचं मन तयार नव्हतं. पण लूसी एकटे आले. त्यांच्याबरोबर विस्कॉन्सिनची डेमोक्रॅटिक जिल्हा मंडळं आली नाहीत, कामगार संघटना आल्या नाहीत, केनेडींचे देणगीदार आले नाहीत. नोव्हेंबरचे आकडेच पाहा. लूसींच्या विस्कॉन्सिनमध्ये या जोडीला सात टक्के. अँडरसनच्या इलिनॉयमध्येही सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोघांच्याही घरी राष्ट्रीय सरासरीपेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का जास्त. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये 15 टक्के, व्हरमाँटमध्येही जवळपास तेवढेच, आणि हे दोघेही तिथले नव्हेत. तिथली मतं अँडरसनना मार्चपासून ओळखणाऱ्या, शिकलेल्या, उदार वळणाच्या मतदारांची होती. अलाबामा आणि मिसिसिपीत दीड टक्काही नाही. दोन पक्षांतले दोघे एकत्र आले म्हणून दोन्ही पक्षांतले मतदार एकत्र आले, असं या नकाशात कुठेच दिसत नाही.

उलट एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. अँडरसनची ओढ होती ती एका रिपब्लिकनाने रिपब्लिकनांना तोंडावर सुनावण्यात. लूसी आल्यावर आणि तीनशेहून अधिक पानांचा जाहीरनामा आल्यावर ती धार गेली. जाहीरनामा अभ्यासपूर्ण होता, आणि तो लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण कंटाळलेल्या मतदाराला हवा होता एक ठाम माणूस. त्याच्यासमोर आली ती एकतेची मोहीम, आणि एकता म्हणजे नेमकी कशावर, हे प्रत्येक पानावर नव्याने सांगावं लागत होतं.

पैशाचं गणित असं होतं. दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना सरकारी तिजोरीतून प्रत्येकी 2 कोटी 94 लाख डॉलर मिळाले, निवडणुकीआधी. अपक्षाला आधी काही नाही. पाच टक्क्यांच्या वर मतं पडली तर निवडणुकीनंतर काही रक्कम मिळेल, हेसुद्धा फेडरल निवडणूक आयोगाने सप्टेंबरमध्ये ठरवलं. मग त्या रकमेच्या भरवशावर बँकांकडून कर्ज काढायचं ठरलं. बँकांनी हात वर केले. चाचण्यांतला आकडा खाली चालला होता, पाच टक्क्यांखाली गेला तर वसुली कोणाकडून? शेवटी समर्थकांना पत्रं पाठवून त्यांच्याकडूनच छोटी छोटी कर्जं घेतली. निकालानंतर सुमारे 42 लाख डॉलर आले. मतदान होऊन गेलं होतं.

वादचर्चांचीही तीच कथा. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था या चर्चा भरवत असे. चाचण्यांत 15 टक्के असतील तर अपक्षाला बोलावू, असा निकष तिने लावला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अँडरसन त्यात बसले. 21 सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये चर्चा झाली, पण कार्टर यांनी यायला नकार दिला, त्यामुळे समोर फक्त रेगन. अँडरसन वाईट बोलले नाहीत, पण दोन रिपब्लिकनांची चर्चा यापलीकडे तिला रूप आलं नाही. ऑक्टोबरमध्ये आकडा 15 च्या खाली गेला आणि 28 ऑक्टोबरला क्लीव्हलँडच्या चर्चेत फक्त कार्टर आणि रेगन होते. त्या रात्री जेमतेम पाच महिन्यांच्या सीएनएन वाहिनीने एक खटाटोप केला. अँडरसनना वॉशिंग्टनच्या एका सभागृहात उभं करून तेच प्रश्न विचारले, आणि क्लीव्हलँडच्या चित्रफितीत मध्ये मध्ये त्यांची उत्तरं जोडून दाखवली. वाहिनी पाहणारे तेव्हा थोडे. बाकी देशाने दोघांनाच पाहिलं. चर्चेला बोलावत नाहीत म्हणून आकडा घसरतो आणि आकडा घसरला म्हणून बोलावत नाहीत, या चक्रातून अपक्षाने बाहेर कसं पडावं याचं उत्तर त्या वर्षी कोणाकडे नव्हतं.

4 नोव्हेंबरला रेगन यांना 50.7 टक्के, कार्टर यांना 41. इलेक्टोरल मतं 489 आणि 49. अँडरसनने कार्टर यांना पाडलं हा आरोप तेव्हाही झाला आणि अजूनही होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये रेगन 3,829 मतांनी जिंकले आणि तिथे अँडरसनना 3 लाख 82 हजारांवर मतं होती, तेव्हा तेवढ्या एका राज्याबद्दल असं म्हणायला जागा आहे. देशभरासाठी नाही. एका उमेदवाराला निम्म्याहून जास्त मतं मिळाली असताना तिसऱ्याने निकाल फिरवला असं म्हणता येत नाही.

समजा, जूनचा आकडा टिकला असता आणि दोन-चार राज्यं या जोडीने जिंकून बहुमत अडवलं असतं, तर? याचा विचार अशा जोडीचे समर्थक क्वचितच करतात. कोणालाच 270 इलेक्टोरल मतं नसतील तर बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अध्यक्ष प्रतिनिधिगृह निवडतं, पहिल्या तिघांतून, आणि प्रत्येक राज्याला एक मत. उपाध्यक्ष सिनेट निवडते, पण पहिल्या दोघांतूनच. म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरच्या लूसींचं नाव सिनेटपुढे गेलंच नसतं. अँडरसनचं गेलं असतं ते अशा सभागृहापुढे, जिथे त्यांच्या मोहिमेचा एकही सदस्य नाही आणि जवळजवळ सगळे त्या दोन पक्षांचे. जोडी म्हणून मत मागायचं, आणि कसोटीच्या क्षणी घटनाच ती जोडी तोडणार.

अशा जोडीचा अलीकडचा मोठा प्रयत्न 2024 चा. नो लेबल्स या संघटनेने क्रम उलटा लावला. आधी राज्याराज्यांत मतपत्रिकेवर जागा मिळवायची, पैसा उभा करायचा, मग एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट शोधायचे. 21 राज्यांत जागा मिळाली. कागद तयार, माणूस नाही. सिनेटर जो मँचिन यांनी फेब्रुवारीत नकार दिला, मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन सिनेटच्या निवडणुकीकडे वळले, न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी मार्चअखेर नाही म्हटलं. 27 मार्चला या प्रयत्नाचे आधारस्तंभ, माजी सिनेटर जो लिबरमन वारले आणि 4 एप्रिलला संघटनेने प्रयत्न सोडला. 1980 मध्ये लूसींसारखा निवृत्तीकडे झुकलेला माणूस तरी मिळाला होता. चव्वेचाळीस वर्षांनी तेवढाही मिळाला नाही, कारण हरल्यानंतर सांभाळून घेणारा पक्ष अशा जोडीला नसतो, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

1980 च्या मतांमुळे अँडरसन 1984 साठी सरकारी निधीला पात्र झाले होते. त्यांनी नॅशनल युनिटी पार्टी काढायचा प्रयत्नही केला, पण स्वतः लढले नाहीत आणि डेमोक्रॅट वॉल्टर मोंडेल यांना पाठिंबा दिला. पुढे अनेक वर्षं ते मतदानाची पद्धतच बदलावी यासाठी काम करत राहिले. मतदाराने पसंतीक्रम द्यावा, म्हणजे तिसऱ्याला मत देणं वाया जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्या सगळ्या मोहिमेतून कायद्यात टिकून राहिली ती ओहायोची लढाई. 19 एप्रिल 1983 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की अध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला मार्चमध्ये अडवणारी ती मुदत घटनाबाह्य आहे. निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. अपक्षांना आणि छोट्या पक्षांना मतपत्रिकेवरून दूर ठेवणाऱ्या नियमांविरुद्ध आजही कोर्टात जाणारे वकील युक्तिवादात अँडरसनचं नाव घेतात.